न केलेली तार

पंचशील घेतलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि भलतीच खरी होते. घरातल्या सगळ्यांना नको होईल इतकी. शेजारीण साखर मागायला आली आणि आईनं "संपली गो" म्हटलं, की मी आतून ओरडायची, "आई, डबा अर्धा भरलाय!" आई दारातल्या दारात शरमेनं अर्धी व्हायची, मुकाट्यानं वाटी भरून द्यायची आणि शेजारीण गेली की माझ्या नावानं बोटं मोडायची. "हिला कुनी सांगितलं शील घ्यायला?" म्हणायची. सांगितलं होतं जाधवकाकांनी. ते आमच्या विहाराचे बौद्धाचार्य. लग्न, नामकरण, मयत, सगळे विधी तेच लावायचे आणि एरवी माझे वडील, आबा, रबाळ्याच्या ज्या कारखान्यात होते तिथंच मशीनवर उभे असायचे. त्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने मी रोज विहारात ग्रंथवाचनाला पहिल्या ओळीत बसले आणि शेवटच्या पौर्णिमेला सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, पाची शीलं आता मी नुसती म्हणणार नाही, पाळणार. लोकांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. सतरा वर्षांच्या पोरीला चोरी, हिंसा, दारू यांचा त्रास तो काय असणार! राहता राहिलं चौथं, खोटं न बोलण्याचं. माझा सगळा जोर त्यावर.

आज ऐरोलीत बाहेर पडलं की काचेच्या इमारती आणि गळ्यात पट्टे अडकवून चहा पिणारी पोरं दिसतात. आम्ही राहायला आलो तेव्हा बैठ्या घरांच्या चार रांगा होत्या, त्यांच्यापुढं चिखल, खारफुटी आणि मग खाडी. वारा सुटला की सगळ्या घरांत खाडीचा वास शिरायचा. आईला तो आवडायचा. ती कोकणातल्या खाडीकाठच्या गावातली. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा याच्यापुढं आम्हाला दुसरं काही सुचत नसे. सकाळी सातला रबाळ्याचा भोंगा व्हायचा, त्याच्या आधी आबा डबा घेऊन निघालेले असायचे. दुपारी दोनच्या सुमाराला पोस्टमनच्या सायकलची घंटा. तिसरा आवाज आबांच्या ट्रान्झिस्टरचा. बातम्या लागल्या की आबा ताठ बसायचे, जणू निवेदक त्यांना बघतोय.

आबांचे वडील फौजेत हवालदार होते. आबांनाही जायचं होतं, पण भरतीला छाती दीड इंच कमी भरली. त्या दीड इंचाचं दुःख आबांनी जन्मभर केलं. आमच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि त्यांच्या खाली काचेत बसवलेली संविधानाची उद्देशिका. दर सव्वीस जानेवारीला आबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आम्हाला दोघा भावंडांना भिंतीसमोर उभं करायचे आणि ती मोठ्यानं वाचून घ्यायचे. "ह्या कागदानं आपल्याला माणूस केलं," म्हणायचे, "तो राखायला आपल्यातलं कुणीतरी सीमेवर पाहिजे." मग मिलिंददादाची छाती दीड इंच जास्तच भरली आणि आबांनी सबंध रांगेला पेढे वाटले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी सुजाता, म्हणून तो मला घरात शिरताच हाक मारायचा, "सुजाते, खीर आण!" बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मी चिडायची. खरं तर मला ते फार आवडायचं.

मी शील घेतलं त्याच हिवाळ्यात दादा रजेवर आला. वर बर्फातल्या चौकीवरून आला होता आणि परत तिथंच जायचं होतं. दिसायला तोच, पण काहीतरी बिनसलेलं. ऐरोलीत कसली आलीय थंडी, तरी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत गच्च धरून बसायचा, चहा निवला तरी सोडायचा नाही. पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती. आईनं विचारलं तर म्हणाला, बूट घट्ट आहेत. आबांचे मित्र यायचे, वरचं सांग म्हणायचे. तो हसायचा आणि आबाच त्याच्या वतीनं सांगायचे. आईनं आपलं लग्नाचं टुमणं लावलं होतं. मामाच्या गावची एक मुलगी तिनं हेरून ठेवली होती. दादा ऐकून घ्यायचा आणि उठून खाडीकडं चालू लागायचा.

रजा संपायला पाच दिवस होते. मी टायपिंगच्या क्लासला ठाण्याला निघाले होते, तर दादा बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. वर युनिटचा पत्ता आणि खाली इंग्रजीत सहा शब्द: आई सीरियस, रजा वाढवा, दहा दिवस. "क्लासच्या शेजारी तार ऑफिस आहे ना, तिथून कर," तो म्हणाला. "मी गेलो तर आबा विचारतील कुठं चाललास. आणि घरात बोलू नकोस."

मी कागद वाचला. "पण आई तर ठणठणीत आहे."

"अगं, आख्ख्या युनिटच्या आया दरवर्षी सीरियस असतात. साहेबांनाही माहीत असतं. देतात दहा दिवस."

"खोटं आहे हे, दादा."

"बरं मग, खोटं." तो थांबला. रस्त्यात कुणी नव्हतं. "सुजा, माझं मन होत नाही गं जायला. कायमचं नाही म्हणत, जाणार आहे. पण दहा दिवस पायजेत मला. झोप येत नाही नीट. दहा दिवस इथं पडलो की होईन सरळ."

मी काय म्हणाले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायलाच बसलेय तर लिहिते. मी म्हणाले, "आबांना कळलं तर काय वाटेल?" एवढंच. दादाची मान खाली गेली. मग बस आली आणि त्यानं मला टपली मारली. "कर हां, विसरू नकोस," म्हणाला.

तार ऑफिसात मी गेले, खोटं कशाला सांगू. रांगेत उभी राहिले, फॉर्म घेतला, दोरीला बांधलेल्या पेननं मोठ्या अक्षरांत पत्ता भरला. 'आई' लिहिलं आणि पुढचा शब्द लिहिताना हात थांबला. मला विहारातली ती पौर्णिमा आठवली, साधुकार आठवला. भिंतीवरची उद्देशिका आठवली. देशाच्या फौजेला मी, सुजातानं, खोटी तार करायची? तीही आईच्या जिवावर? काउंटरवरचा बाबा वैतागून म्हणाला, "अहो ताई, लिहिताय की नाही? मागं लाइन लागलीय." मी फॉर्म चुरगाळून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. परतीच्या बसमध्ये मला काय वाटत होतं माहितीये? अभिमान. मोठी परीक्षा पास झाल्यासारखी मी खिडकीशी ताठ बसले होते, थेट आबांसारखी.

दारातच दादानं हळू आवाजात विचारलं, "केलीस?"

आणि मी म्हणाले, "केली."

बघा आता. अनोळखी साहेबाशी खोटं नको म्हणून सख्ख्या भावाशी खोटं बोलले, आणि तेव्हा ते मला खोटं वाटलंसुद्धा नाही. वाटलं, उत्तर नाही आलं की समजेल तो, जाईल आपला कामावर, नंतर माझेच उपकार मानेल.

पुढचे चार दिवस तो उत्तराची वाट बघत होता आणि मी त्याला वाट बघताना बघत होते. दोनच्या सुमाराला तो बाहेरच्या खाटेवर येऊन बसायचा. लांबून सायकलची घंटा वाजली की उठून उभा राहायचा. पोस्टमन आमच्या दारावरून पुढं गेला की परत बसायचा. पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही. चौथ्या दिवशी, "पत्ता नीट घातला होतास ना?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." तेव्हा तरी ठाण्याला पळत जायला हवं होतं. अजूनही वेळ होती. मी भाकरी वाढून घेतली आणि जेवले.

निघायच्या सकाळी आईनं परत त्या मुलीचा विषय काढला. दादा म्हणाला, "पुढच्या येळेला बघू." आईनं त्याचा हात धरला. "दोन दिवस ऱ्हा रे. पुनवेला खीर करते, खाऊन जा." तो म्हणाला, "नाय जमत आई. हजर व्हायचं म्हणजे व्हायचं." हात सोडवून घेतला आणि मागं न बघता गेला. आबा बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. परत आले ते रांगेतल्या प्रत्येक दारात सांगत, पोरगं वेळेवर गेलं, एक दिवस जास्त मागितला नाही.

त्यानंतर जी सायकलची घंटा आमच्या दाराशी थांबली, ती तार घेऊन. बर्फाचा कडा कोसळला होता. चौकीवरच्या पाच जणांबरोबर आमचा दादा बेपत्ता होता, शोध चालू होता. जाधवकाकांनी तार वाचून दाखवली. आबा भिंतीला टेकले. मी बोटांवर दिवस मोजत होते. कडा कोसळला तो रजा संपून आठवा दिवस. दहा दिवस मिळाले असते, तर त्या वेळी दादा आमच्या ओट्यावर खाटेवर पडलेला असता. मी परत मोजलं. आठच येत होते. आजही येतात.

शोध थांबला. युनिटमधून पत्र आलं, मग त्याची काळी ट्रंक आली. कागदोपत्री तो गेला, पण आईनं पुण्यानुमोदन करू दिलं नाही. आमच्यात माणूस गेलं की जलदान विधी होतो, मग पुण्यानुमोदन, सगळे जमतात, वंदना होते, गेलेल्याच्या नावानं पुण्य दिलं जातं आणि घर परत जगायला लागतं. जाधवकाका दोनदा येऊन बसले. आई म्हणाली, "जित्या मानसाचं पुण्यानुमोदन करतात का, भाऊ?" फोटो लावू दिला नाही. ट्रंक रोज पुसायची, उघडायची नाही. आमचं घर मधल्यामध्ये अडकलं. धड रडता येत नव्हतं, धड हसताही येत नव्हतं.

भूतखेत आमच्यात मानत नाहीत, मीही मानत नाही. तरी जे झालं ते सांगते. दुपारी दोनला सायकलची घंटा वाजली की मला खाटेवरून कुणीतरी उठल्याची करकर ऐकू यायची. भर उन्हात, आई शेजारी तांदूळ निवडत असताना. मी वळून बघायची तर खाट रिकामी. एकदा आईनंही मान वळवली. आमची नजरानजर झाली. "तुला पन ऐकू येतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काय?" तिच्या तोंडावर मला आशा दिसली. खाट मी मोडीत द्यायला लावली. करकर गेली नाही. विहारात तर त्याहून वाईट. चौथ्या शीलाला आले की तोंड हलायचं, आवाज फुटायचा नाही.

आणि बाहेर काय चाललं होतं? कौतुक! माझ्या जुन्या शाळेनं पंधरा ऑगस्टला आई-आबांचा सत्कार ठेवला आणि मला बोलायला उभं केलं. मी बोलले, "माझा भाऊ रजा संपायच्या आत हजर झाला." बाया डोळ्यांना पदर लावून रडल्या. दुसऱ्या वर्षी परत बोलावलं. तोवर मला ते भाषण झक्क जमायला लागलं होतं, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. आबा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसलेले, ओठ हलवत माझ्याबरोबर ते वाक्य म्हणत होते.

त्याच दुपारी आबा शाळेतच थांबले होते आणि आम्ही दोघी घरी आलो. आईनं सत्काराची शाल ट्रंकेवर ठेवली, लुगडं बदललं आणि सूप घेऊन ओट्यावर जवळा निवडायला बसली. जरा वेळानं म्हणाली, "तुला लय अभिमान वाटतो गो, तो येळेवर गेल्याचा?"

मी तिच्यासमोर बसून सुपात हात घातला.

"मला नाय वाटत. आईला दोन दिस दिले असते तर देश काय बुडनार व्हता? पन नाय ऱ्हायला. माझ्यावर रागावून गेला तो. मी लगीन लगीन करून त्याचं डोकं खाल्लं. हात सोडवून गेला, मागं बघितलं नाय." ती खडे बाजूला काढत होती, हात थांबत नव्हते. "हाय कुठंतरी. त्या बर्फातून निगाला असंल आनि बसला असंल कुठं राग धरून. राग ग्येला की यील. मी काय बोलनार नाय आता त्याला लग्नाचं."

दोन वर्षं ही बाई हे मनात घेऊन बसली होती. ज्या रागावर ती जगत होती आणि ज्या रागानं ती झिजत होती, तो राग नव्हताच मुळी. आणि ते जगात एकट्या मला माहीत होतं. मी सांगितलं. कागद, ठाणं, फॉर्म, 'केली' म्हणाले ते, चार दिवस तो खाटेवर बसला ते, सगळं. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. मारेल असं वाटत होतं. मारावं असंही वाटत होतं.

आईचे हात थांबले. मग म्हणाली, "त्याला ऱ्हायचं व्हतं?"

"हो."

"माज्याजवळ? हितं?"

"हो आई. दहा दिवस."

"रागावला नव्हता?"

"नाही गं. तुझ्यावर नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. "ऱ्हायचं व्हतं," परत म्हणाली, स्वतःशीच. मग माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग तो नाय. ज्याला घरी ऱ्हायचं व्हतं तो जिता असता तर दोन वर्सं बाहेर ऱ्हायला नसता." आणि दोन वर्षांनी माझी आई रडली. छाती पिटून, भुईला डोकं टेकून, शेजारणी धावत येईपर्यंत रडली. दादाला बर्फानं नेलं ते एकदा, आणि त्या दुपारी ओट्यावर मी परत नेलं. असं मला तेव्हा वाटलं, आजही कधीकधी वाटतं.

शेजारणी गेल्यावर तिनं तोंड धुतलं. "जाधवभाऊंना सांग, रविवारी पुण्यानुमोदन ठेवू." मग दाराकडं बघून म्हणाली, "आबांना नको सांगूस ह्यातलं. त्यांच्याजवळ तेवढंच ऱ्हायलंय." तिनं मला माफ केलं का? ती शेवटपर्यंत बोलली नाही आणि मी विचारलं नाही. माझं लग्न तिनं थाटात करून दिलं, माझ्या पोरी न्हाऊमाखू घातल्या. पण लांबच्या कामाला मला एकटीला पाठवायची वेळ आली की तिच्या डोळ्यांत काहीतरी यायचं, ते मी ओळखायची.

आबा गेल्या वर्षी गेले, नव्वदीला टेकले होते. तोवर हे लिहिता येत नव्हतं. मधली पस्तीसेक वर्षं मी काय केलं म्हणाल, तर लोकांचे निरोप पोचवले. विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी वंदनेनंतर मी टेबल मांडून बसते. ऐरोली, दिघा, सानपाड्यापासून फौजेतल्या पोरांचे आईबाप येतात, बायका येतात. रजेचे अर्ज, बदलीची विनंती, बेपत्ता माणसांचे कागद. कोण खरं सांगतंय, कोण दहा दिवसांसाठी आईला आजारी पाडतंय, मला चेहऱ्यावरून कळतं. मी विचारत नाही. लिहून देते आणि पोचल्याची खात्री झाल्याशिवाय जेवत नाही. माझी नात म्हणते, आजी, तू शील मोडतेस. मी म्हणते, हो बाई, मोडते. सतरा वर्षांची असताना मी ते फार पाळलं. देश म्हणजे भिंतीवरची काच आणि इस्त्रीचा शर्ट एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. तो खाटेवर बसून घंटेची वाट बघणाराही देशच होता, हे कळायला मला भाऊ द्यावा लागला.

तर तो पुण्यानुमोदनाचा रविवार. विहार भरला होता, बाहेर चपलांचा ढीग. दादाचा फोटो पहिल्यांदा उजेडात आला, फुलं वाहिली. जाधवकाकांचा घसा बसला होता, ते म्हणाले वंदना सुजाता घेईल. मी घेतली, चौथ्या शीलाशी अडखळत, कशीबशी. मग दोन शब्द बोलायला आबा उठले. हातात कागद नव्हता. "माझ्या मिलिंदनं," म्हणाले आणि अडकले. परत म्हणाले, "माझ्या मिलिंदनं एक दिवस..." पुढं शब्द येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुजा, तू सांग गं. तू चांगलं सांगतेस. गेला का नाय तो येळेवर? आपल्या मनानं गेला का नाय?"

बुद्धाची मूर्ती समोर होती. बायकांच्या रांगेत आई बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती, पदर मुठीत आवळून. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडं एकटक पाहत राहिली.

"गेला आबा," मी म्हणाले. "आपल्या मनानं गेला."

माझा आवाज विहारात खणखणीत उमटला, कुठंही अडला नाही. आबा समाधानानं खाली बसले.